परवाना कोणाच्या नांवाचा ?

पदवी हातीं पडली कीं परदेशीं कोठें जावें, आणि तेथें नोकरी करण्याची मोकळीक कोणता देश किती वर्षांची देतो, हा प्रश्न आज कर्जत-खालापूरच्या घरांतूनहि चर्चिला जातो. या दोन तालुक्यांत आतां अभियांत्रिकीचीं महाविद्यालयें आहेत. मुंबई-पुणें द्रुतगति महामार्ग खालापुरांतून गेल्यापासून भाताच्या जमिनीस भाव आला आहे. आणि त्या भावाच्या जोरावर मुलास अमेरिकेस किंवा इंग्लंडास धाडण्याचें धाडस बापास करतां येऊं लागलें आहे. या चर्चेंत देशांची तुलना होते ती बहुधा कोष्टकाच्या रूपानें : अमुक देश दोन वर्षें देतो, तमुक तीन, येथें पगार अधिक, तेथें थंडी अधिक. कोष्टक खोटें असतें असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु तें ज्या दिवशीं लिहिलें त्या दिवसापुरतेंच तें खरें. आणि शिक्षण, नंतरची उमेदवारी व कर्जाची फेड मिळून हा सारा व्यवहार सात-आठ वर्षांचा. इतिहास चाळणाऱ्यास या कोष्टकांत एक रकाना गाळलेला दिसतो. परवाना कोणाच्या नांवाचा आहे, पदवीधराच्या कीं त्याच्या मालकाच्या. आणि मध्येंच नियम बदलला तर आंत येऊन बसलेल्या माणसाचें काय होतें, हा तो रकाना होय. तो भरून काढण्याचा येथें यत्न करावयाचा आहे.

प्रथम उलट बाजूनें पाहूं. परदेशी तज्ज्ञ आमच्या या मुलखांत कसे आले ? बोरघाटाच्या रेल्वेचें काम १८५६ सालीं सुरू झालें. मधल्या काळांत तें सॉलोमन ट्रेडवेल या इंग्रज कंत्राटदाराकडे गेलें. तो १८५९ सालीं येथें उतरला आणि थोड्याच आठवड्यांत आजारानें मरण पावला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिनें कंत्राट न सोडतां दोन इंजिनियरांच्या हातून तें तडीस नेलें, व १८६३ सालीं कर्जतच्या बाजूनें खंडाळ्यापर्यंत गाडी चढली. पुढें टाटांच्या योजनेंतून १९१५ सालीं खोपोलीचें वीजघर चालू झालें, आणि १९२२ सालीं कर्जत तालुक्यांत भिवपुरीचें. या कामांवर इंग्रज व अमेरिकन माणसें होतीं. गिब्स नांवाचे अमेरिकन इंजिनियर म्हैसूरच्या कावेरी योजनेवरून इकडे आले होते. खोपोलीचें काम उभें राहत असतां यांपैकीं कोणास नोकरीचा परवाना दाखवावा लागला नाहीं. परदेशांतून येणाऱ्यानें पासपोर्ट बाळगलाच पाहिजे हा येथील कायदा पहिल्या महायुद्धाच्या धामधुमींत, १९१७ सालीं नियमांच्या रूपानें आला आणि १९२० सालीं पक्का झाला. तोंपर्यंत ज्याला काम येत होतें आणि ज्याच्यापाशीं बोटीचें भाडें होतें, त्याला वाट मोकळी होती ; निदान गोऱ्या कातडीच्या माणसाला होती, इतकें म्हणणें सुरक्षित होईल. (त्याहून जुनी परदेशची चाकरी पाहावयाची तर खालापुरांतील चौकचे म्हणून सांगितले जाणारे नेताजी पालकर यांची पाहावी. औरंगजेबानें त्यांस धर्म बदलून काबूलकडे धाडलें आणि १६७६ सालीं ते महाराजांकडे परत आले. पण त्या नेमणुकींत त्यांची खुषी कोणी विचारली नव्हती, तेव्हां तें उदाहरण येथें ताणण्यांत अर्थ नाहीं.)

आतां आमच्या बाजूनें बाहेर कोण गेलें तें पाहूं. कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांची कथा सर्वांस ठाऊक आहे. परंतु तिचा आरंभ नोकरीच्या एका अर्जानें झाला याकडे फारसें लक्ष जात नाहीं. त्यांचे पति गोपाळराव पोस्टांत कारकून. बदल्यांमुळें हें जोडपें कांहीं काळ अलिबागेस, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या ठाण्यासच, राहत होतें. पुढें कोल्हापुरास असतां १८७८ सालीं गोपाळरावांनीं रॉयल वाइल्डर या मिशनऱ्याच्या द्वारें अमेरिकेंत आपणांस एखादी नोकरी व पत्नीस शिक्षण मिळेल काय, अशी विचारणा केली. उत्तर असें आलें कीं, आधीं ख्रिस्ती व्हावें. म्हणजे अट त्या काळींहि होती. ती सरकारी कचेरीच्या खिडकींतून न येतां धर्मोपदेशकाच्या लेखणींतून आली, इतकाच भेद. तो पत्रव्यवहार वाइल्डर यांनीं छापला, न्यू जर्सींतील श्रीमती कार्पेंटर यांच्या वाचनांत तो दंतवैद्याकडे वाट पाहत असतां आला, आणि त्यांच्या आधारावर आनंदीबाई १८८३ च्या एप्रिलांत कलकत्त्याहून निघून जूनमध्यें न्यूयॉर्कास पोंचल्या. बंदरावर त्यांस व्हिसा विचारणारें कोणी नव्हतें. मात्र एकच वर्ष आधीं, १८८२ सालीं, त्याच देशानें चिनी मजुरांस बंदी करणारा कायदा केला होता. दार लागण्यास सुरुवात झाली होती. तें अद्याप हिंदी माणसाच्या तोंडावर लागलें नव्हतें, इतकेंच. १८८६ सालीं आनंदीबाईंस पदवी मिळाली, त्या अमेरिकेंत असतांनाच कोल्हापूर दरबारच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांतील स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांच्यासाठीं ठरली, आणि परत आल्यावर ती हातीं घेण्यापूर्वींच १८८७ च्या फेब्रुवारींत त्यांचा अंत झाला.

त्या पिढींत आणि तिच्या पुढच्या पिढींत बंधन असे तें घरच्या बाजूचें. डॉ. आंबेडकर १९१३ सालीं कोलंबिया विद्यापीठांत गेले ते बडोदें सरकारच्या शिष्यवृत्तीवर ; आणि तिच्या मोबदल्यांत परत येऊन दहा वर्षें बडोद्याची नोकरी करण्याचा करार त्यांस लिहून द्यावा लागला होता. शिकलेल्या माणसानें परत यावें ही ओढ करारांत होती. आजची ओढ नेमकी उलट आहे, आणि करार मुलगा बँकेशीं करतो.

या काळांत दारें एकामागून एक बंद होत होतीं. कॅनडानें १९०८ सालीं नियम केला कीं, स्वदेशांतून अखंड प्रवास करून आलेल्यासच उतरतां येईल. हिंदुस्थानांतून अशी बोट मिळणें जवळजवळ अशक्य करून ठेवलें होतें, म्हणून हिंदुस्थान हें नांवहि न घेतां काम भागलें. १९१४ सालीं कोमागाता मारू बोट व्हँकूवरहून परत लावली गेली ती याच नियमाखालीं. अमेरिकेनें १९१७ च्या कायद्यानें आशियाचा मोठा पट्टा वर्ज्य ठरविला. त्यांतून विद्यार्थी, शिक्षक, वैद्य, वकील, इंजिनियर असे कांहीं वर्ग वगळले होते. शिकावयास या, पण राहूं नका, हें आजच्या विद्यार्थि-व्हिसाचें धोरण त्यांत बीजरूपानें दिसतें. आमचे वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे हे तेथें शेतकीशास्त्र शिकले, गदर चळवळींत पडले, आणि अखेर १९२४ च्या सुमारास त्यांच्या विद्येची कदर झाली ती मेक्सिकोंत.

परंतु या प्रकरणांतील सर्वांत बोलकी कथा सखाराम गणेश पंडित या गृहस्थांची आहे, आणि ती मराठी वाचकांस असावी तितकी परिचित नाहीं. हे मुंबई इलाख्यांतून १९०९ सालीं अमेरिकेस गेले. मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बलसारा यांस १९१० सालीं तेथील वरिष्ठ न्यायालयानें 'गोरा मनुष्य' या व्याख्येंत बसवून नागरिकत्व दिलें होतें. त्यामुळें इतर हिंदी लोकांचीहि आशा वाढली होती. पंडितांस १९१४ सालीं नागरिकत्व मिळालें. त्या कागदावर विसंबून त्यांनीं वकिलीची सनद घेतली, लॉस एंजेलिसला घर केलें, अमेरिकन स्त्रीशीं लग्न केलें, आणि हिंदुस्थानांतील वडिलोपार्जित मिळकतीवरचा हक्क सोडला. १९२३ सालीं भगतसिंग थिंड यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, शास्त्रज्ञ कांहींहि म्हणोत, सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणें हिंदी मनुष्य गोरा नव्हे. थिंड यांचे वकील पंडितच होते. निकालानंतर सरकारनें पूर्वीं दिलेलीं नागरिकत्वेंहि काढून घेण्याचा सपाटा लावला आणि ती पाळी पंडितांवर आली. त्यांनीं बचाव केला तो वंशशास्त्राच्या आधारानें नव्हे. ते म्हणाले, तुमच्या न्यायालयानें एकदां विचारपूर्वक दिलेल्या कागदावर भरंवसा ठेवून मीं आयुष्य उभारलें. आतां तो कागद मागें घेणें अन्यायाचें आहे. १९२६ सालीं अपील न्यायालयानें तें मान्य केलें, १९२७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांत हात घालण्याचें नाकारलें, आणि सरकारनें पुढील खटले सोडून दिले. परंतु तोंपर्यंत अनेकांचीं नागरिकत्वें गेलीं होतीं. पेशावरचे वैष्णोदास बगाई यांनीं दुकान व नागरिकत्व गमावल्यावर १९२८ सालीं आत्महत्या केली.

वकील नसता तर पंडितांचें काय झालें असतें, हा प्रश्न आम्हांस पुष्कळदां पडतो.

१९४६ च्या कायद्यानें अमेरिकेनें हिंदुस्थानास वर्षाला शंभर माणसांचा वांटा दिला. सबंध देशास शंभर ! इंग्लंडाचें दार मात्र १९४८ च्या कायद्याप्रमाणें राष्ट्रकुलांतील सर्वांस उघडें होतें, आणि तें १९६२ सालीं अर्धवट लावण्यांत आलें. त्या वेळीं इंग्लंडानें काढलेले परवाने तीन प्रकारचे होते आणि आमच्या दृष्टीनें ते लक्षांत ठेवण्यासारखे आहेत. पहिला प्रकार ठराविक नोकरी आधीं मिळालेल्याचा, त्यासाठीं मालकानें अर्ज करावयाचा. दुसरा विशेष विद्या वा कौशल्य असलेल्याचा, तो मनुष्याच्या स्वतःच्या नांवानें. तिसरा बाकीच्या सर्वांचा, तो लवकरच बंद पडला. हिंदी डॉक्टर, शिक्षक, शास्त्रज्ञ या दुसऱ्या प्रकारानें जात. पोंचल्यावर एका रुग्णालयाशीं पटलें नाहीं तर त्यांस दुसरें शोधतां येई. जे पॉवेलसाहेब १९६० ते ६३ पर्यंत आरोग्यमंत्री होते आणि ज्यांच्या खात्याचीं रुग्णालयें हिंदी डॉक्टरांच्या बळावर चालत होतीं, त्यांनींच १९६८ सालीं बर्मिंगहॅमचें तें कुप्रसिद्ध भाषण केलें, हा राजकारणाचा विनोद येथें जातां जातां नमूद करतों. अमेरिकेनें १९६५ सालीं देशवार वांट्याची जुनी पद्धत मोडली व विद्वान व्यावसायिकांस स्वतंत्र वर्ग दिला. कॅनडानें १९६७ सालीं शिक्षण, भाषा, वय यांस गुण देण्याची पद्धत काढली. या तिन्ही ठिकाणीं पदवी हीच शिफारस होती.

मालकाच्या नांवाचा परवाना मोठ्या प्रमाणावर रूढ झाला तो १९९० च्या अमेरिकन कायद्यानें. एच-१बी म्हणून जो व्हिसा आमच्या घरोघर ठाऊक झाला आहे तो याच कायद्याचा. त्याचा अर्ज मालक करतो. वार्षिक मर्यादा ६५,०००, आणि अमेरिकन विद्यापीठाच्या वरिष्ठ पदवीधरांस आणखी २०,०००. मुदत तीन वर्षें, वाढवून सहा. उमेदवार मर्यादेहून पुष्कळ अधिक झाले म्हणजे सोडत काढून निवड होत आली. तत्पूर्वीं पदवीनंतर एक वर्ष, आणि शास्त्र वा तंत्र शाखेच्या पदवीधरांस २०१६ च्या नियमानें आणखी दोन वर्षें, विद्यार्थि-व्हिसावरच अनुभवासाठीं काम करतां येतें. पगाराच्या दृष्टीनें या देशाशीं दुसऱ्या कोणाची बरोबरी नाहीं, हें प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे ; ज्याच्या डोक्यावर चाळीस लाखांचें कर्ज आहे त्यास त्याग शिकविण्यांत पुरुषार्थ नाहीं. परंतु नोकरी सुटली तर दुसरा मालक गांठण्यास मुदत साठ दिवसांची. दोन हजार सालच्या कायद्यानें मालक बदलणें सोपें झालें हें खरें, पण तरीहि नवा मालक लागतोच. आणि कायमच्या वास्तव्याच्या रांगेंत कोणत्याहि एका देशाच्या वांट्यास शेंकडा सातांहून अधिक जागा यावयाच्या नाहींत असा नियम असल्यामुळें, हिंदुस्थानांतून गेलेल्या पदवीधराचीं उमेदीचीं वर्षें त्या रांगेंत सरतात. लक्झेंबर्गचा वांटा तेवढाच आणि भारताचाहि तेवढाच ! १९४६ चे ते शंभर आठवतात ते अशा वेळीं.

२०२५ च्या सप्टेंबरांत एका शुक्रवारीं अमेरिकेच्या अध्यक्षांनीं जाहीरनामा काढला कीं, बाहेरून आणावयाच्या नव्या एच-१बी उमेदवारामागें मालकानें एक लाख डॉलर भरावे, अंमल रविवारपासून. आधींपासून परवाना असलेल्यांस व अमेरिकेंतच शिकून नोकरीस लागणाऱ्यांस तो लागू नाहीं, हे खुलासे मागाहून आले. मधल्या वेळांत सुटीवर घरीं आलेल्या माणसांनीं मिळेल त्या विमानाचें तिकीट काढलें. नियमाच्या बरे-वाईटपणापेक्षां आम्हांस ते दोन दिवस महत्त्वाचे वाटतात. कारण पंडितांना आपल्या बाजूनें निकाल मिळेपर्यंत वर्षें गेलीं तरी ते आपल्या घरांत बसून लढत होते, आणि येथें घर समुद्रापलीकडे राहिलें होतें.

मग स्वतःच्या नांवाचा परवाना सर्वथा निर्धोक काय ? इंग्लंडाचा अनुभव तसें सांगत नाहीं. २००२ सालीं त्यानें विशेष कुशल माणसांसाठीं गुणांवर आधारलेला परवाना काढला. मालकाची गरज नाहीं, तुम्ही या आणि इंग्लंडासच घर माना, असें त्याचें स्वरूप. कित्येक हिंदी लोक येथील नोकऱ्या सोडून, घरें विकून गेले. २००६ सालीं मुदतवाढीचे नियम बदलले आणि ते आधीं आलेल्यांसहि लावले. त्याच वर्षीं परदेशी डॉक्टरांस शिक्षणाच्या जागा परवान्यावांचून मिळत त्या सवलतीसहि कात्री लागली. दोन्ही प्रकरणें न्यायालयांत गेलीं. २००८ च्या एप्रिलांत कुशल माणसांच्या बाजूनें उच्च न्यायालयानें, आणि हिंदी डॉक्टरांच्या संस्थेच्या अर्जावर लॉर्डांच्या सभागृहानें, सरकारविरुद्ध निकाल दिले. पहिल्या निकालांतील युक्तिवाद वाचतांना पंडितांची आठवण होते : बोलावलेंत त्या अटींवर आम्हीं संसार हलविला, त्या अटी आमच्यापुरत्या पाळा. येथें फरक असा पडला कीं, परवाना स्वतःच्या नांवाचा असल्यामुळें फिर्याद करणारा स्वतः उभा राहूं शकला. मालकाच्या नांवाच्या परवान्यांत मालकानें हात आंखडला कीं पायाखालची वाळूच सरकते.

इंग्लंडांत शिकलेल्यांस दोन वर्षें काम करूं देण्याची सवलत २०१२ सालीं बंद झाली व २०२१ सालीं निराळ्या नांवानें परत आली. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांस ती अठरा महिन्यांची ठरविली आहे, डॉक्टरेटवाल्यांची तीन वर्षें मात्र कायम. ही सवलत पदवीधराच्या नांवाची आहे ; पण ती संपल्यावर पुढला परवाना पुनः मालकाकडूनच यावयाचा, हें कोष्टकांत सहसा लिहिलेलें नसतें. कॅनडा शिक्षणानंतर तीन वर्षांपर्यंत मोकळा परवाना देतो आणि पुढें गुणांची जुनी वाट आहे. तेथें २०२४ सालीं विद्यार्थ्यांच्या संख्येस मर्यादा घातली आणि पदविका देणाऱ्या महाविद्यालयांतील ठराविक अभ्यासक्रमच कामाच्या परवान्यास पात्र ठरविले. विद्यापीठाच्या पदव्यांस ती अट नाहीं. ज्यांनीं दलालाच्या सांगण्यावरून स्वस्त पदविका निवडल्या त्यांसच याची झळ लागली. ऑस्ट्रेलियाविषयीं येथें इतकेंच कीं, तेथील गोऱ्यांपुरतें धोरण १९७३ सालीं संपलें, आणि २०२४ सालीं पदवीधरांच्या व्हिसाची वयोमर्यादा पस्तिसांवर आणली.

जर्मनीचा प्रकार निराळा आहे. २००० सालीं संगणकाच्या माणसांसाठीं त्यानें पांच वर्षांचा, वीस हजारांच्या मर्यादेचा परवाना काढला, तेव्हां हिंदी लोक आणण्यापेक्षां आपलींच मुलें शिकवा अशी यमकयुक्त घोषणा तेथील एका पुढाऱ्याच्या नांवानें गाजली. लोक आले ते अपेक्षेहून कमी. त्याच देशानें २०२४ च्या जूनमध्यें नोकरी शोधण्यासाठीं स्वतःच्या नांवानें येऊं देणारा गुणांचा परवाना सुरू केला, आणि तेथें शिकलेल्यांस तर अठरा महिने काम शोधण्याची मुभा आहे. पगार अमेरिकेहून कमी, आणि भाषा शिकल्यावांचून गति नाहीं. आमचा कल विचाराल तर ज्यास कर्ज थोडें आणि भाषेची आवड आहे त्यानें इकडे पाहावें. जर्मन भाषा एकदां आली कीं ती मालकाला परत द्यावी लागत नाहीं.

आखातांतील देशांत आमच्या जिल्ह्यांतून, विशेषतः किनाऱ्याकडच्या तालुक्यांतून, पिढ्या न् पिढ्या लोक जात आले आहेत. तेथें मालक हाच जामीन असतो, आणि मालक बदलण्याचे नियम २०२० नंतर कांहीं ठिकाणीं सैल झाले. परंतु तेथें जाणारा पदवीधर बहुधा परत येण्याच्या हिशेबानेंच जातो, म्हणून त्याची फसगतहि कमी होते.

आणि आपण स्वतः ? एखादा गिब्स उद्यां खोपोलीस यावयाचा झाला तर त्यास भारताचा नोकरीचा व्हिसा घ्यावा लागेल. तो येथील ठराविक मालकाच्या नांवाशीं बांधलेला असतो ; मालक बदलावयाचा तर साधारणतः मायदेशीं परत जाऊन नवा व्हिसा काढावा लागतो. अ‍ॅलिस ट्रेडवेलनें नवऱ्याच्या पश्चात् त्याचें कंत्राट पुढें चालविलें, तसें आज एखादीस करावयाचें म्हटलें तर परक्या नोकरदाराच्या पत्नीचा व्हिसा तिला सामान्यतः काम करूं देत नाहीं.